ऑझी गेला: वाळूजच्या प्रेस शॉपमधून

पत्रेवाला · २३ जुलै २०२५

'ब्लॅक सॅबथ' या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न काल गेला. ७६ वर्षांचा होता, पार्किन्सन्सने पार खिळखिळा करून टाकला होता, आणि ५ जुलैला बर्मिंगहॅममध्ये 'हा शेवटचा' असं आधी जाहीर करूनच तो गायला होता. त्यामुळे धक्का बसायला नको होता. बसला. या फोरमवर नाट्यसंगीताच्या धाग्यांवर जत्रा भरते आणि रॉकच्या धाग्याकडे कावळाही फिरकत नाही, ठाऊक आहे. तरी लिहितो. उद्याच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट येईल, तिच्यात त्याने स्टेजवर चावलेलं वटवाघूळ असेल आणि बाकी काही नसेल.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. दुचाकीला लागणारे पत्र्याचे पार्ट आम्ही काढतो. १९८५ मध्ये बजाजचा प्लांट सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे वाळूजभर पत्रा कापणारी, वाकवणारी, भोकं पाडणारी शेड उभी राहिली. गंगापूर, वैजापूर, पैठणकडची कोरडवाहू घरातली पोरं शिफ्टला यायला लागली. आधी सायकलवर, मग लुनावर, मग कंपनीच्या बसने. माझे वडील त्यातलेच.

लोकांना ऑझी म्हटलं की काळे कपडे, गळ्यात क्रॉस, डोळ्यात काजळ दिसतं. मला अॅस्टन दिसतं. बर्मिंगहॅममधली कारखान्यांची वस्ती. लॉज रोडवरचं लहानसं घर, सहा भावंडं. बाप जीईसी या विजेच्या सामानाच्या कंपनीत टूलमेकर, रात्रपाळीला. आई लुकासमध्ये, म्हणजे गाड्यांचे हॉर्न-दिवे बनवणाऱ्या कंपनीत. पोराला वाचायला त्रास व्हायचा (डिस्लेक्सिया, तेव्हा त्याला 'ढ' म्हणत), पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग बांधकामावर मजुरी, प्लंबरच्या हाताखाली, टूलरूममध्ये अॅप्रेंटिस. आईने लुकासमध्ये चिकटवलं तर तिथे काम काय, हॉर्नचा आवाज जुळवायचा. दिवसभर पॅं पॅं. पुढे कत्तलखान्यात. मध्येच कपड्याच्या दुकानात चोरी केली आणि पकडला गेला. दंड भरला असता तर सुटला असता, पण धडा मिळावा म्हणून बापाने भरला नाही. पोरगा काही आठवडे विन्सन ग्रीनच्या तुरुंगात राहून आला. आणि त्याच बापाने पुढे कर्ज काढून त्याला माईक आणि स्पीकर घेऊन दिले. टूलरूमचा माणूस. बोलणार कमी, पण वेळेला पैसे काढणार.

त्या स्पीकरवरच पुढचं सगळं उभं आहे. ऑझीने वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली: गायक आहे, स्वतःचा साऊंड आहे, बँड पाहिजे. ती चिठ्ठी टोनी आयोमीने वाचली, पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक झाला तो. टोनी त्याच्याच शाळेतला, एक वर्ष पुढे, आणि 'हा काय गाणार' असं त्याचं ठाम मत. तरी घेतला. ज्याचा साऊंड त्याचा माईक हा नियम आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातच चालतो असं नाही.

आता टोनीची गोष्ट. ती सांगायलाच खरं तर बसलोय.

टोनी शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. वय १७. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं म्हणून नोकरी सोडली होती, शेवटचा दिवस. लाइनवर त्याच्या आधी प्रेसवर पत्रा वाकवून देणारं माणूस त्या दिवशी आलंच नाही. मग टोनीला प्रेसवर बसवलं. ते मशीन त्याने कधी चालवलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत घरी गेला आणि आईला म्हणाला, आता काही परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. प्रेस खाली आली, त्याने हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं आतच राहिली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

प्रेस शॉपमध्ये दिवस काढलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही. माणूस गैरहजर, टार्गेट तेवढंच, सुपरवायझर म्हणतो 'तू बस आजच्या दिवस'. आमच्याकडे आता दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, सेन्सर आहेत. त्या सेन्सरला गंडवून मशीन चालवणारेही आहेत, कारण पीसमागे वेळ वाचतो. मेंटेनन्सवाला म्हणून सांगतो, सकाळी मी नीट केलेला सेन्सर दुपारी पुन्हा बायपास झालेला असतो.

डॉक्टरांनी टोनीला गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्याचा मॅनेजर मात्र घरी एक रेकॉर्ड घेऊन आला: जँगो राइनहार्ट. आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. टोनीने भांड्यांच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या टोप्या केल्या, घासून बसवल्या, वरून चामडं चिकटवलं.

आमच्या शॉपमध्ये एक दादा आहेत. त्यांचीही तीच दोन बोटं गेलीत, फार जुनी गोष्ट, दुसऱ्या एका कंपनीतली. ते गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना मी मोबाइलवर टोनीचा व्हिडिओ दाखवला. गाण्याकडे लक्षच नाही त्यांचं. 'हात मोठा कर' म्हणाले. मग 'टोप्या कशाच्या हायेत?' पुढच्या आठवड्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून, आत सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावून स्वतःच्या करून आणल्या. मापात एकदम नंबरी, टूलरूमला लाजवेल असं काम. दोन भजनांनंतर काढून ठेवल्या. 'पट्टीवर सटकतंय, अन् खटखट वाजतंय. अभंगाच्या मधी खटखट बरी नाही दिसत.' त्यांनी कधीचाच हात बदललाय: भाता उजव्या हाताने, पट्ट्या डाव्याने. टोनीने हात बदलला नाही, दादांनी बदलला. दोघांचंही वाजतंय.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाजारात आला. समीक्षकांनी धुतला. लोकांनी घेतला. ऑझीला तयार गळा नव्हता, तालीम नव्हती, आणि गाण्याचे शब्दही बहुतेक बासिस्ट गीझर बटलरचे. मग ऑझीने केलं काय? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रेस चालू असताना पलीकडच्या लाइनला हाक मारायची तर आवाज वरच्या पट्टीत न्यावा लागतो, शब्द तोडून टाकावे लागतात आणि लाडिकपणा सोडावा लागतो. ऑझी तसा गातो. गिटार, बास आणि ड्रम एवढ्या जड असताना त्याचा आवाज सगळ्याच्या वर, सुटा, स्पष्ट ऐकू येतो. चांगला गळा असलेला गायक तिथे हरकती घेत बसला असता आणि बुडाला असता.

५ जुलैचा कार्यक्रम बऱ्याच जणांनी पैसे भरून ऑनलाइन पाहिला असेल. व्हिला पार्क, अॅस्टन. त्याच्या जन्मघरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं फुटबॉलचं मैदान. लहानपणी मॅचच्या दिवशी प्रेक्षकांच्या गाड्या राखून तो चिल्लर कमवायचा, त्याच गल्ल्या. आपल्याकडे रात्र उलटली होती, आषाढी एकादशी लागली होती. आमचे मामा नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला पोचलेले, घरात उपवास, आणि मी खोलीचं दार लावून कानात इअरफोन घालून बसलेलो. पहाटेच्या सुमाराला तो आला. काळ्या सिंहासनावर बसूनच. आधी स्वतःची गाणी, मग टोनी, गीझर आणि बिल वॉर्ड असे मूळचे चौघं, २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र. हात नाचतायत, डोळे तसेच मिश्कील, आणि मधूनच उठायला बघतोय, ते काही जमत नाही. दोन आठवडे उलटले आणि गेला.

तुमच्यापर्यंत ऑझी कुठून पोचला, लिहा.

बालाघाटी · २३ जुलै

बाप्पा बाप्पा. वाळूजवाले, लई जबरी लिहिलंय तुमी. आमच्या बीडात ऑझी पोचला तो टीव्हीतून. २००२ ला त्याच्या घरातला कार्यक्रम लागायचा ना एमटीव्हीवर, ती कुत्री, ती पोरं, अन् ह्यो माणूस हातात रिमोट घेऊन बायकोच्या नावानं 'शॅऽऽरन' म्हणून बोंबलायलाय. मला आधी वाटलं विनोदी नट हाय. गाणं नंतर ऐकलं.

वटवाघळाचं बी सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारणारच. २० जानेवारी १९८२, अमेरिकेत डि मॉइन नावाचं गाव. कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं. ह्याला वाटलं रबरी हाय, घेतला चावा. मग बसला रेबीजची इंजेक्शनं घेत. कबुतराचं मात्र तसं नव्हतं, १९८१ ला रेकॉर्ड कंपनीच्या मीटिंगमधी जितं कबुतर, अन् शुद्धीत नसला तरी जाणूनबुजून. त्याला माफी नाही. आमची आज्जी असती तर म्हणली असती, मुडद्या, भूक लागली हुती का?

जालन्याची_सळई · २३ जुलै

+१. आम्ही रोलिंग मिलवाले. तापलेली सळई स्टँडमधून सुटते तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला हेवी मेटल समजावून सांगावं लागत नाही. सुपरवायझर म्हणतो काय ऐकू राह्यला दिवसभर. म्हटलं ड्युटीच ऐकू राह्यलो, घरी गेल्यावर बी.

कॅसेटकिडा · २४ जुलै

सुंदर लेख. थोडी भर.

नव्वदच्या दशकात संभाजीनगरात औरंगपुऱ्याकडे ब्लँक कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायचो (शहराचं नाव आता बदललंय, माझ्या कॅसेटवर जुनंच लिहिलेलं आहे). दुकानदाराला इंग्रजी गाण्यांचा गंध नाही, त्यामुळे एका बाजूला सॅबथ आणि उरलेल्या जागेत कुठलं तरी डिस्को. आमच्या पिढीला ते डिस्कोही पाठ आहे.

लेखात सॅबथनंतरचा ऑझी जवळजवळ नाही, ती उणीव भरून काढतो. एप्रिल १९७९ मध्ये सॅबथने त्याला काढलं. दारू आणि ड्रग्ज, कामाला उभाच राहत नव्हता. संपला असंच सगळे धरून चालले होते. १९८० ला त्याचा पहिला सोलो अल्बम 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आला आणि त्यात गिटारवर कॅलिफोर्नियाचा रँडी ऱ्होड्स नावाचा पोरगा. हा पोरगा दौऱ्यावर गावोगाव क्लासिकल गिटारचे शिक्षक शोधून शिकवणी घ्यायचा. इतका मोठा वादक, आणि कार्यक्रमाआधी शिकवणी! १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात लीसबर्गला एका छोट्या विमानात चक्कर मारायला बसला. पायलट बँडच्या बसवरून विमान खाली आणून गंमत करत होता. पंख बसला घासला. रँडी २५ वर्षांचा. ऑझी त्या वेळी बसमध्ये होता. पुढे आयुष्यभर मुलाखतीत रँडीचं नाव निघालं की त्याचा सूर बदलायचा.

आणि एक, सीडी घेणाऱ्यांसाठी. ऑझीचे पहिले दोन सोलो अल्बम २००२ च्या आवृत्तीत असतील तर ते मूळ नाहीत. बॉब डेझली (बास) आणि ली कर्सलेक (ड्रम) यांच्याशी मानधनाचा वाद कोर्टात गेला होता, तेव्हा त्या दोघांचं वाजवणं पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं. बास रॉबर्ट ट्रुहियोचा, तोच आता मेटॅलिका बँडमध्ये आहे आणि ५ जुलैला व्हिला पार्कवरही होता. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. त्यामुळे २००२ ची सीडी दिसली तर हात लावू नका. डेझलीने बास तर वाजवलाच, बहुतेक शब्दही त्याचेच.

स्पष्टवक्ती · २४ जुलै

लेख आवडला, प्रेस शॉपचा भाग तर फारच. पण सगळा धागा आरतीचं ताट घेऊन उभा आहे म्हणून लिहिते. सप्टेंबर १९८९ मध्ये या माणसाने बायकोचा गळा आवळला होता. खुनाच्या प्रयत्नासाठी अटक झाली. तिने पुढे केस चालवली नाही, तो काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. वटवाघळावर अख्खा परिच्छेद आणि यावर एक ओळ नाही?

कॅसेटकिडा · २४ जुलै

ताई, खरं आहे. पण तेव्हा तो शुद्धीवरच नव्हता, त्याला दुसऱ्या दिवशी काही आठवतही नव्हतं. नंतर त्याने स्वतः हे लपवलं नाही.

स्पष्टवक्ती · २४ जुलै

नांदेडला आमच्या गल्लीतसुद्धा सगळे असंच म्हणतात. 'पिलेला होता, शुद्धीवर नव्हता, सकाळी पाया पडला.' शुद्धीवर नसताना नेमका बायकोचाच गळा कसा सापडतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी ऑझी ऐकते. बंद करणार नाही. पण निरोप द्यायचाच तर हिशोब नीट मांडा. १९७९ ला सॅबथने काढल्यावर हॉटेलच्या खोलीत दारूत बुडालेल्या माणसाला उठवून बँड उभा करून दिला कुणी? शॅरनने. बापाच्या, म्हणजे डॉन आर्डनच्या, तालमीत तयार झालेली मॅनेजर. ऑझीला वाचवायला तिने त्या बापाशीही वैर घेतलं. १९९६ मध्ये एका मोठ्या महोत्सवाने ऑझीला 'जुना झाला' म्हणून घेतलं नाही, तर हिने ऑझफेस्ट नावाचा स्वतःचाच महोत्सव काढला, आणि पुढे कितीतरी नवीन बँड त्यातून वर आले. ५ जुलैचा कार्यक्रमही तिच्याच हिमतीवर झाला. सिंहासनावर तो बसला होता, बरोबर. पण सिंहासन मांडलं कुणी?

पत्रेवाला · २४ जुलै

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि सारवासारवही करत नाही. तुमची ही पोस्ट धाग्यात राहू दे.

बालाघाटी · २४ जुलै

ताईला पूर्ण पाठिंबा. अन् आज अमावस्या हाय, उद्यापासून श्रावण. ज्यांना ऑझीच्या नावानं 'बसायचं' निमित्त पायजे ते आजच बसणार हायेत. त्यांना एवढंच सांगतो की शेवटच्या वर्षांत तो माणूस स्वतः दारू सोडून बसला हुता.

तीव्र_मध्यम · २५ जुलै

अंबाजोगाईहून नमस्कार. मी शास्त्रीय संगीत शिकवतो, रॉकशी माझा काही संबंध नव्हता. एका विद्यार्थ्याने एकदा हट्टाने पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं ऐकवलं, बँडच्याच नावाचं. पाऊस, लांबून घंटा, आणि मग तीन स्वर: सा, वरचा सा, तिथून खाली तीव्र मध्यम, आणि त्या मध्यमावर थरथरत थांबणं. बस, एवढंच. मी पोराला म्हटलं, पुन्हा लाव.

पाश्चात्त्यांकडे सा ते तीव्र मध्यम या अंतराला सैतानाचं अंतर म्हणत. चर्चने बंदी घातली होती ही दंतकथा आहे, पण जुने रचनाकार ते टाळत हे खरं. गीझर बटलर होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'मार्स' या रचनेवर बेहद्द खूश होता, बासवर वाजवून बघत असे. त्यातलंच ते अंतर आयोमीच्या हाताखाली आलं, असं गीझर सांगतो.

आपल्याकडे तीव्र मध्यमाला कुणी घाबरत नाही. यमन तर आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. पण यमनात पंचम सोबतीला असतो, म्हणून तो मध्यम गोड लागतो. पंचम काढून घ्या. मारवा रागात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तारही निषादात किंवा धैवतात लावावी लागते, आणि लगेच सगळं वातावरण अस्वस्थ होतं, दिवेलागणीला घरात कुणी नसल्यासारखं. आयोमीने तर रिषभ-धैवतही ठेवले नाहीत. नुसता षड्ज आणि समोर तीव्र मध्यम. पेटी असेल त्यांनी करून बघा, सा धरून ठेवा आणि मध्यमावर हळूहळू हलत राहा. अंगावर येतं.

ऑझीबद्दल एक निरीक्षण. त्याच्या बऱ्याच गाण्यांत गळा गिटारचीच चाल उचलतो, स्वर न् स्वर. आमच्याकडे साथीदार गायकाच्या मागे जातो. इथे गायक साथीच्या मागे. आमच्या शिस्तीत हे कमीपणाचं मानलं जाईल. पण 'आयर्न मॅन' ऐका: ती चाल गळ्यातून आणि तारेतून एकदम येते तेव्हा तिला दुप्पट वजन येतं. पत्रेवाल्यांचं हाकेचं म्हणणं मला पटलं. हरकती नसणं हीच त्याची जागा.

कॅसेटकिडा · २५ जुलै

सर, हे सगळं मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी पेटीचा क्लास सोडला नसता.

लातूरचा_ढोल · २६ जुलै

वाचतोय. बिल वॉर्डबद्दल कुणीच बोलेना म्हणून. तो सरळ ठोकणारा ड्रमर नाही, त्याचं मूळ जॅझमधलं आहे. सगळं जड चाललेलं असताना त्याचे हात मध्येच झुलतात, म्हणून सॅबथ नुसतं कुटल्यासारखं वाटत नाही. पुढच्या शेकडो बँडनी जडपणा उचलला, झुलणं राहून गेलं. ५ जुलैला ७७ वर्षांचा बिल वॉर्ड शर्ट काढून वाजवत होता, ते बघून माझे डोळे भरून आले. बाकी चालू द्या.

उदगीर_ते_बर्मिंगहॅम · ३१ जुलै

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. मूळची उदगीरची, इथे बर्मिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. काल त्याची शेवटची यात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. माझी रात्रपाळी संपवून तशीच गेले.

मला वाटलं होतं सगळे काळ्या कपड्यातले, गोंदवून घेतलेले लोक असतील. तसे होतेच, हजारोंनी. पण त्यांच्या मध्ये काठी टेकत आलेले आजोबा, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, हेल्मेट हातात धरलेले बांधकामावरचे कामगार. माझ्या शेजारी साठीच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, माझी आई लुकासमध्येच होती. बस, एवढीच ओळख त्यांना पुरेशी होती. ऑझीशी नातं सांगायला इथे कुणाला गाण्याचं नाव घ्यावं लागत नव्हतं, कारखान्याचं नाव घेतलं तरी चालत होतं.

पुढे पितळी वाद्यांचा बँड, सॅबथचीच चाल वाजवत. आपल्याकडे अंत्ययात्रेला बँड बघितलेला, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. इंग्रजांनाच जरा नवल वाटलेलं दिसलं. कालव्यावरच्या पुलाला २०१९ मध्येच ब्लॅक सॅबथचं नाव दिलंय, तिथे फुलांचा ढीग. घरची माणसं गाडीतून उतरली, फुलं वाहिली. शॅरन रडत होत्या, तरी लोकांकडे बघून दोन बोटं वर केली. गर्दी त्याच्या नावाने घोषणा देत होती. लॉज रोडवरच्या त्या घरापुढेही लोक फुलं ठेवून जातायत, आता तिथे दुसरंच कुटुंब राहत असेल तरी.

अवांतर: इथल्या न्यू स्ट्रीट स्टेशनात दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल उभा आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी केलेला. लोकांनी मतं देऊन त्याचं नाव ऑझी ठेवलंय. मान हलवतो, डोळे फिरवतो. त्याच स्पर्धेच्या समारोपाला ऑझी आणि टोनी अचानक येऊन गाऊन गेले होते.

बालाघाटी · ३१ जुलै

ताई, पोळा जवळ आलाय. त्या ऑझीला झूल घाला, शिंगांना बेगड लावा, अन् पुरणपोळी चारून या. तिकीट आमी वर्गणी काढून पाठवतो.

स्पष्टवक्ती · ३१ जुलै

उदगीरकर ताई, फार सुंदर लिहिलंत. वाचनमात्र राहू नका. (आणि बालाघाटी, वर्गणीत माझे शंभर धरा.)

जालन्याची_सळई · ३१ जुलै

कारखान्याचं नाव घेतलं तरी चालतं, हे एक नंबर. आमच्याकडे कारखान्याचं नाव घेतलं की लोक आधी पगार विचारतात.

परभणीकर_पालक · १ ऑगस्ट

नमस्कार, धागा मुलाने पाठवला म्हणून वाचला. तो नववीत आहे, गिटार शिकतोय. शिक्षक कॉलेजात शिकणारे, हौसेने शिकवतात. हा धागा वाचल्यापासून मुलगा म्हणतोय मला जाड तारा घेऊन द्या, सॅबथसारखा जड आवाज पाहिजे. बोटं आत्ताच सोलपटलेली आहेत. घेऊन द्याव्या का?

पत्रेवाला · १ ऑगस्ट

मुळीच नको. उलटं आहे. टोनीची बोटं दुखायची म्हणून त्याला पातळ तारा हव्या होत्या, आणि तेव्हा तशा मिळतच नव्हत्या, म्हणून तो बँजोच्या तारा आणून गिटारला लावायचा. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बमपासून तारा आणखी सैल केल्या, स्वर तीन सेमीटोन (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्या) खाली आणला. सगळ्या जगाने नंतर जी नक्कल केली तो जडपणा सैल, पातळ तारांतून आलाय. मुलाला पातळ संच घेऊन द्या, ००९ चा मागा (म्हणजे त्यातली सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची), आणि गिटार एका सेमीटोनने खाली लावायला शिक्षकांना सांगा. बोटं बरी होईपर्यंत रोज थोडाच वेळ वाजवू दे.

तीव्र_मध्यम · १ ऑगस्ट

आणि तानपुऱ्याच्या अॅपवर सा लावून वाजवायला सांगा. खाली लावलेली गिटार बेसूर आहे की सुरात, हे त्याशिवाय पोराला कळणार नाही.

परभणीकर_पालक · १ ऑगस्ट

धन्यवाद. ००९ लिहून घेतलं. परभणीत मिळालं नाही तर संभाजीनगरला कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगा, रविवारी लग्नाला यायचंच आहे.